वनस्पतिजन्य कर्करोगविरोधी द्रव्ये व जैवबहुवारिक नॅनोकण

प्रस्तावना :
वनस्पतींपासून मिळणारी अनेक द्रव्ये काचपात्रातील कर्कपेशींचा नाश करतात. परंतु रुग्णाच्या शरीरात तोच परिणाम दिसतोच असे नाही. या तफावतीचे एक प्रमुख कारण म्हणजे द्रव्याचे सदोष वहन होय. कर्क्युमिन व पॅक्लिटॅक्सेल या दोन उदाहरणांवरून हा प्रश्न स्पष्ट होतो.

कर्क्युमिन व कायटोसॅन :
हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. पोटात घेतल्यावर आतडे व यकृत यांत त्याचे झपाट्याने रूपांतर होते. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन देऊनही रक्तातील त्याचे प्रमाण अत्यल्पच राहिले, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले.

यावर उपाय म्हणून कायटोसॅनचा अभ्यास होत आहे. कोळंबी व खेकड्यांच्या कवचातील कायटिनपासून ते मिळते. सौम्य आम्लात विरघळल्यावर त्याच्या अमिनो गटांवर धनप्रभार येतो. या द्रावणात अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कर्क्युमिन मिसळून ऋणप्रभारित ट्रायपॉलिफॉस्फेट थेंबथेंब घातल्यास प्रभारांच्या आकर्षणाने नॅनोकण तयार होतात व कर्क्युमिन त्यांत बद्ध होते.

पॅक्लिटॅक्सेल व अल्ब्युमिन :
पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतील पॅक्लिटॅक्सेलची संरचना १९७१ साली प्रसिद्ध झाली. ती शोधणाऱ्या संशोधकांपैकी मनसुख वाणी यांचा जन्म नंदुरबारचा. हे द्रव्यही पाण्यात अविद्राव्य असल्याने ते एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकातून द्यावे लागे. या द्रावकामुळे काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होत असे. पुढे रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाशी त्याचे सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनवण्यात आले व २००५ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी त्यांना मान्यता मिळाली. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत जुन्या औषधाने १९ टक्के, तर अल्ब्युमिनयुक्त औषधाने ३३ टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या.

मर्यादा :
नॅनोकण थेट गाठीतच पोहोचतात, हा समज चुकीचा आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार प्राण्यांवरील प्रयोगांत टोचलेल्या मात्रेचा मध्यक केवळ ०.७ टक्के भाग गाठीत पोहोचला. उर्वरित कणांपैकी बरेचसे यकृत व प्लीहेत अडकतात.

निष्कर्ष :
जैवबहुवारिक वाहक हे उपयुक्त साधन आहे. मात्र वाहक सुधारल्याने द्रव्याची परिणामकारकता आपोआप सिद्ध होत नाही. पॅक्लिटॅक्सेल मानवी चाचण्यांच्या कसोटीवर उतरले; कर्क्युमिनबाबत तसे म्हणता येत नाही. म्हणूनच काचपात्रातील निष्कर्षांवर विसंबून रुग्णाने चालू उपचार सोडणे घातक ठरू शकते. संशोधकानेही आपले निष्कर्ष मांडताना हा भेद स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.