छापील शब्दांपलीकडचे ज्ञान

शास्त्रज्ञाला अडचण आली की तो ग्रंथालयाची वाट धरतो, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी नव्हे. परंतु अभियंत्यांच्या बाबतीत ती फारशी टिकत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील टॉमस अ‍ॅलन यांनी या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास करून १९७७ साली तो ग्रंथरूपाने मांडला. अभियंता पुस्तकापेक्षा सहकाऱ्याकडे अधिक वळतो, असे त्यांना आढळले. त्यातही गंमत अशी की, दोघांच्या मेजांतील अंतर पंचवीस-तीस मीटरांवर गेले, की त्यांचे कामासंबंधीचे बोलणे फारच विरळ होते! प्रत्येक संस्थेत मोजकी माणसे मात्र नियतकालिके आवर्जून वाचतात, बाहेरच्या तज्ज्ञांशी संबंध राखतात आणि मिळालेले इतरांना सांगतात. अ‍ॅलन त्यांना ‘द्वारपाल’ म्हणतात. मला हे नाव रुचत नाही. द्वारपाल अडवतो, ही माणसे तर आत आणतात.

परदेशी लेखांच्या प्रती व भाषांतरे आपल्या शास्त्रज्ञांना मिळावीत म्हणून १९५२ साली दिल्लीस ‘इन्सडॉक’ ही संस्था निघाली. ते काम मोलाचेच होते. पण लेख हाती आला म्हणजे विद्या हाती आली, असे होत नाही. कॅनडातील एका संरक्षण-संशोधनशाळेने वातावरणीय दाबावर चालणारा कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला आणि १९७० साली तो जाहीर झाला. ब्रिटनमधील अनेक प्रयोगशाळांनी तो बांधावयास घेतला. लेख होते, आकृत्या होत्या. तरीही, समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी १९७४ साली दाखवून दिले की, केवळ लेखांवर विसंबून एकालाही यश आले नव्हते. ज्यांनी तो लेसर चालविला होता त्यांच्याशी प्रत्यक्ष संबंध आला, तेथेच तो चालला. आणि तेथेही नेहमीच नव्हे.

मेख कुठे होती? कपॅसिटरपासून विद्युदग्रापर्यंतची तार सुमारे आठ इंचांहून लांब असून चालत नव्हते. त्यासाठी तो अवजड कपॅसिटर उलटा टांगावा लागे. आकृतीत तार म्हणजे नुसती रेघ. तिची लांबी कोण मोजणार? ज्यांचे यंत्र चालले, त्यांतील काहींनाही ते का चालले हे ठाऊक नव्हते.

शिवाय स्पर्धा होतीच. विचारलेल्याचे उत्तर खरे द्यावे, न विचारलेले आपणहून सांगू नये, असा काहींचा शिरस्ता होता. आणि तार किती लांब असावी, हा प्रश्न विचारावयाचे नवख्याला सुचावे तरी कसे?