बिजागरीभोवती फिरणारा दिवस

पहाटे ५.३०
घर झोपलेलं असतं आणि लॅपटॉप नेहमीसारखा उघडा. कनिष्ठ महाविद्यालयात बारावी सायन्सला गणित शिकवते, त्यामुळे हा वेळ सराव प्रश्नपत्रिकेचा. बोर्डाची लेखी परीक्षा ८० गुणांची, प्रात्यक्षिकाचे २० वेगळे; सरावाचा पेपरही त्याच मापाचा काढते. मजकूर भराभर उतरवायचा तर कीबोर्डला पर्याय नाही. सूचना मराठीत, इनस्क्रिप्टने. एकटीने बसून विचार बांधायचं काम असलं की हीच बैठक बरी.

सकाळी ७.३०
पहिला तास. स्क्रीन मागे नेत नेत तळाला टेकवते. स्क्रीन पूर्ण सपाट होऊन आणखी मागे गेली की झाकणातले आणि तळातले सेन्सर कोन ओळखतात आणि कीबोर्ड बंद होतो. खाली बोटांना बटणं लागली तरी काही उमटत नाही. हा टॅब्लेट मोड. पण यंत्र जवळजवळ दीड किलोचं, हातावर पेलत तासभर शिकवणं मनगटाला झेपत नाही. म्हणून ते टेबलावर सपाट ठेवते, प्रोजेक्टरची केबल जोडते आणि पेनने लिहू लागते.

फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पाठ होते. इथे मी मुलांकडे तोंड करून लिहिते. इंटिग्रेशनच्या तिसऱ्या पायरीला कोणाच्या कपाळावर आठी पडली, ते तिथल्या तिथे दिसतं आणि मी तिथेच थांबते. तळहात काचेवर टेकला तरी पेन चालू असताना स्क्रीन तो स्पर्श धरत नाही, त्यामुळे अक्षर वहीतल्यासारखं येतं. गुळगुळीत काचेवर टोक घसरायचं, म्हणून मॅट फिल्म लावून घेतली. तास संपला की तीच पानं पीडीएफ होऊन वर्गाच्या ग्रुपवर जातात.

सकाळी ११.००
स्टाफरूम. ट्युटोरियलचे पेपर मुलांनी स्कॅन करून पाठवलेले असतात. टॅब्लेट मोडमध्येच लाल शाईने तपासते. चुकीच्या पायरीला गोल, शेजारी एक ओळ. कीबोर्डवर मूळचिन्ह शोधेपर्यंत हाताने लिहून झालेलं असतं.

शेजारचे सर विचारतात, “हे असं फिरवून फिरवून बिजागरी टिकते का हो?” रास्त शंका आहे. २००२ साली मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालणारे टॅब्लेट पीसी आले, तेव्हा अनेक मॉडेलमध्ये स्क्रीन मधल्या एकाच खुंटीवर गरकन फिरायची. २०१२ मध्ये लेनोवोच्या योगाने स्क्रीन दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांवर ३६० अंश मागे नेली आणि पुढे इतर कंपन्यांनीही तीच रचना उचलली. भार दोन बिजागऱ्यांवर वाटला जातो. तरी एका कोपऱ्याला धरून ओढू नये, स्क्रीन मधोमध धरून उघडावी, असं मी सरांना सांगते.

दुपारी १२.३०
शंकांची वेळ. आता कीबोर्ड टेबलाकडे पालथा आणि स्क्रीन उभी: स्टँड मोड. आधी टेबल पुसून घेते, नाहीतर खडूची पूड बटणांत जाते.

एक विद्यार्थिनी येते. वाय बरोबर एक्स वर्ग हा पॅराबोला आणि वाय बरोबर एक्स ही रेषा, यांच्यामधलं क्षेत्रफळ तिने काढलंय. मर्यादा शून्य ते एक, अगदी बरोबर. उत्तर मात्र उणे एक-षष्ठांश.

“मॅडम, क्षेत्रफळ मायनस कसं येईल?”

मी पेन तिच्या हातात देते. “आकृती काढ. आता एक्सला अर्ध्यावर उभी रेघ मार. तिथे वर कोण आहे?”

ती रेघ मारते, दोन बोटांनी चित्र मोठं करते. रेषेची उंची अर्धा, पॅराबोलाची पाव. “रेषा वर आहे... म्हणजे मी उलटं वजा केलं!” ती स्वतःच खोडते, रेषेतून पॅराबोला वजा करते. अर्ध्यातून एक-तृतीयांश गेला, उरला एक-षष्ठांश.

या वेळी आमच्यामध्ये कीबोर्ड नसतो. यंत्र माझ्याकडे तोंड करून असतं तर ती वाकून डोकावत राहिली असती आणि पेन माझ्याच हातात राहिलं असतं. मुलीने स्वतः रेघ मारली म्हणून तिला चूक सापडली. या यंत्रावर माझा जीव आहे तो याच सोयीसाठी.

संध्याकाळी ६.३०
स्वयंपाकघर. ओट्याच्या कोपऱ्यात लॅपटॉप तंबूसारखा उभा. हा टेंट मोड जागा कमी घेतो आणि स्क्रीन आपोआप सुलट होते. भाजी परतताना उद्याच्या धड्यावरचं एखादं व्याख्यान ऐकते. मग पुण्याहून नणंदेचा व्हिडिओ कॉल येतो. टेंटमध्ये कॅमेरा खालच्या कडेला जातो आणि समोरच्याला आपली हनुवटीच दिसते. म्हणून कॉलपुरता स्टँड मोड करून तो जेवणाच्या टेबलावर सासूबाईंसमोर ठेवते. “आता कशी नीट दिसतेस आई,” नणंद म्हणते.

रात्री ९.३०
पुन्हा कीबोर्ड, उद्याचं नियोजन, पेन चार्जिंगला.

नवीन यंत्र घेताना लोक प्रोसेसर आणि रॅम विचारतात, ते विचारावंच. शिकवणाऱ्यांनी मात्र दुकानात आणखी तीन गोष्टी कराव्यात. स्टँड मोडमध्ये स्क्रीनवर लिहून ती डुगडुगते का पाहावं. पेन सोबत मिळतं का, आणि वेगळं घ्यावं लागलं तर कोणतं चालतं, हे विचारावं, कारण प्रत्येक पेन प्रत्येक यंत्राला चालत नाही. आणि सोबत आलेल्या माणसाला शेजारी बसवून पेन त्याच्या हातात द्यावं. त्याला सहज लिहिता आलं, तर ते यंत्र वर्गात उपयोगी पडेल.