एक डोळा झाकून

हॉलंडातले जिने म्हणजे आपल्याकडच्या माळ्यावर चढायच्या शिड्याच. इथे नवीन आलेल्या प्रत्येक मराठी घरात कोणी ना कोणी पहिल्या महिन्यात घसरतंच, आणि पुढे गणपतीच्या कार्यक्रमात तो किस्सा मीठमसाला लावून सांगितला जातो. आमच्याकडे नाना घसरले तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. नानांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, डावा डोळा काचबिंदूने गेलेला. सुदैवाने फार लागलं नाही, पण त्या दिवसापासून ते खुर्ची सोडेनात. "तुम्ही जाऊन या, मी पेपर वाचतो," हे ठरलेलं उत्तर. चहा ओतताना धार कपाबाहेर जायची आणि आपण पाहिलंच नाही असं आम्ही दाखवायचो. हात पुढे केला की चिडायचे.

यामागचं गणित सोपं आहे. आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटीमीटरचं अंतर. त्यामुळे दोघांना दिसणारी चित्रं किंचित वेगळी असतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर काढतो. जमिनीची मोजणी करणारे दोन ठिकाणांहून कोन घेऊन लांबचं झाड किती अंतरावर आहे ते काढतात, तोच प्रकार. वस्तू जितकी जवळ तितका हा फरक मोठा. म्हणून एक डोळा गेला की पंचाईत होते ती कपाची, पायरीची, सुईतल्या दोऱ्याची. समोरचा डोंगर काही जवळ येत नाही. हे आम्ही नानांना समजावून सांगितलं, तर म्हणाले, "बरं. मग तुमच्या या देशात डोंगर कुठे आहे ते दाखव."

शेवटी नातीने त्यांना बाहेर काढलं. तिला शाळेत एशरवर काहीतरी करायचं होतं आणि आजोबांशिवाय ती जायला तयार नव्हती. एका पावसाळी शनिवारी आमची वरात डेन हागला निघाली.

लांगे फोरहाउटवर, एके काळी राणी एमाचा हिवाळी मुक्काम असलेल्या छोट्या राजवाड्यात, २००२ पासून एशरच्या चित्रांचं म्युझियम आहे. एम. सी. एशर हा १८९८ साली लेउवार्डेनला जन्मलेला चित्रकार. वडील स्थापत्य अभियंते, काही वर्षं जपान सरकारच्या नोकरीत काढलेले. (इंजिनियरच्या घरात कलावंत निपजू शकतो, याची आमच्या सौ.ने लगेच नोंद घेतली.) त्याचं 'चढण आणि उतरण' हे १९६० सालचं चित्र आपल्यापैकी अनेकांनी कुठल्या तरी कॅलेंडरवर पाहिलं असेल. एका इमारतीच्या गच्चीवर चौकोनी जिना आहे. त्यावर साधूंसारखे झगे घातलेल्या माणसांच्या दोन रांगा चालल्या आहेत, एक सतत चढते आहे, दुसरी सतत उतरते आहे, आणि दोन्ही फिरून जिथल्या तिथे.

या जिन्याची कल्पना एशरची नव्हे. १९५४ साली अ‍ॅमस्टरडॅमला गणितज्ञांची जागतिक परिषद भरली, तेव्हा तिथे एशरच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. ते पाहून रॉजर पेनरोझ नावाचा इंग्रज विद्यार्थी झपाटला. त्याने एक अशक्य त्रिकोण काढला, त्याच्या वडिलांनी, लायोनेल पेनरोझ यांनी, अशक्य जिना काढला, आणि बापलेकांनी मिळून १९५८ साली त्यावर लेख लिहिला. तो एशरपर्यंत पोचला आणि त्यातून हे चित्र झालं. तो विद्यार्थी म्हणजे २०२० साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेले सर रॉजर.

नानांनी काचेवर बोट न टेकवता एकेक पायरी मोजायला सुरुवात केली. एक फेरी झाली, दुसरी झाली.

"हे चढतायत की उतरतायत?"

"तेच तर कोणाला कळत नाही, आजोबा."

"तुला कळतंय का रे?" हा प्रश्न आम्हांला.

"नाही, नाना."

"दोन डोळ्यांनी?" असं म्हणून नाना हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदाच.

चित्रात चूक दाखवता येत नाही हीच त्याची गंमत. कुठलाही एक कोपरा घ्या, बांधकाम बिनचूक आहे. चारी बाजू जोडल्या की हिशेब जुळत नाही. कागदाला खोली नसते, त्यामुळे कुठली पायरी पुढे, कुठली मागे हे आपणच ठरवत जातो. तसा जिना लाकडाचा करून दाखवताही येतो. एका ठिकाणी तो तोडलेला ठेवायचा आणि नेमक्या एकाच जागेवरून पाहायचा. पण एक डोळा मिटूनच! दोन्ही उघडले की बिंग फुटतं.

तिथून झेस्ट्राटवरचं पॅनोरामा मेस्डाख चालत दहा-पंधरा मिनिटांवर. पाऊस थांबला होता, म्हणून नानांनीच "बघू या" म्हटलं. आत गेल्यावर अंधारा बोळ आणि मग गोल जिना. आमच्या पोटात गोळा आला. पण नाना कठडा धरून, पायाने पायरी चाचपत, एकटेच वर गेले.

वर डोकं काढलं तर भर दिवसाचा समुद्रकिनारा! आपण वाळूच्या टेकडीवर उभे, समोर समुद्र, पाठीमागे स्खेवेनिंगन गाव, लांबवर डेन हाग. हे सगळं एकच गोल चित्र, १४ मीटर उंच आणि सुमारे १२० मीटर घेराचं. हेन्ड्रिक विलेम मेस्डाखने १८८१ साली, बायको सीन्ट्ये आणि काही चित्रकार मित्रांना हाताशी धरून, काही महिन्यांतच ते पुरं केलं. आधी टेकडीवर काचेच्या नळकांड्यात उभं राहून दिसेल ते काचेवर रेखाटलं आणि तेच मोठं करून कापडावर उतरवलं. सीन्ट्येबाई चित्रातही आहेत, वाळूत पांढऱ्या छत्रीखाली रंगवत बसलेल्या. धंदा म्हणून ते काही चाललं नाही. कंपनीचं १८८६ साली दिवाळं निघालं, तेव्हा मेस्डाखने स्वतःच ते विकत घेतलं.

फसवणूक कशी होते तेही सांगतो. डोक्यावरच्या छतामुळे चित्राची वरची कड दिसत नाही. खालची कड खऱ्या वाळूत, खऱ्या गवतात लपवलेली आहे. उजेड छपरातून येतो, पण काचा दिसत नाहीत. चौकट नाही, म्हणून मोजायला काही नाही. घेर १२० मीटर म्हणजे मध्यापासून कापड १९ मीटरवर. इतक्या लांबून दोन डोळ्यांची तक्रार बरीच मंदावते. तरी 'हे सपाट आहे' असं ती अधूनमधून कुजबुजतातच. एका डोळ्याला ही कुजबुज नाही.

"होड्या वाळूवर ओढून घेतल्यात," नाना म्हणाले. "म्हणजे इथे तेव्हा बंदर नव्हतं. हर्णैला लहानपणी पाहिलंय मी. बूड सपाट असणार यांचं, नाहीतर कलंडल्या असत्या."

आम्ही माहितीपत्रक उघडलं. होड्या सपाट बुडाच्याच होत्या. स्खेवेनिंगनला बंदर झालं ते १९०४ साली.

"नाना, तुम्हांला एवढं लांबचं कसं दिसलं? आम्हांला तर कापड दिसतंय."

"एक डोळा झाक आणि बघ."

आम्ही झाकला. समुद्र खरोखरच मागे सरकला. मग सौ.ने झाकला, नातीने झाकला. कठड्याशी उभ्या असलेल्या एका वयस्क डच जोडप्याला हा काय प्रकार ते कळेना. नातीने त्यांच्या भाषेत सांगितल्यावर त्यांनीही झाकला, आणि "ओ!" असं म्हणून दोघं बराच वेळ तसेच उभे राहिले. नाना हात मागे बांधून, एखाद्या मास्तरासारखे, सगळ्यांकडे पाहत होते.

खाली उतरायची वेळ झाली. गोल जिन्याच्या तोंडाशी नाना थांबले.

"वर येताना जमलं," ते म्हणाले, "उतरताना पायरी दिसत नाही रे. हात दे."