जंगलातली उमेदवारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडावर कोया पुनेम या गोंडी धर्माची यात्रा भरते. महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून आलेले गोंड भाविक धनेगावमार्गे डोंगरातल्या गुहांपर्यंत चढतात. गोंडी परंपरेत कोणत्या कुळाने कोणते झाड, कोणता पशू आणि कोणता पक्षी राखायचा, हे ठरलेले असते. म्हणजे निसर्ग राखणे हा इथे श्रद्धेचाच भाग आहे. तरीही याच मुलखातला बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी निसर्गसंवर्धनातल्या पगारी प्रशिक्षणाची जाहिरात पाहते आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून पुढे जाते. काही जण याच्या उलट, प्रशिक्षण लागले की सरकारी नोकरी पदरात पडली असे धरून चालतात. दोघांचेही नुकसान चुकीच्या माहितीमुळे होते.

गैरसमज १ : प्राणिशास्त्राची पदवी नसेल तर दार बंद.

वस्तुस्थिती : दारे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा उंबरठा वेगळा आहे. वन्यजीव संशोधन प्रकल्पात कनिष्ठ संशोधन अधिछात्र म्हणून लागायचे तर पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा गेटसारखी पात्रता लागते. केंद्राच्या सुधारित दरानुसार १ जानेवारी २०२३ पासून या अधिछात्रवृत्तीची रक्कम महिना ३७,००० रुपये आहे. वनरक्षकाची अट मात्र वेगळी आहे. २०२३ च्या भरतीत विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक विषय घेऊन बारावी उत्तीर्ण होणे पुरेसे होते आणि अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना दहावी उत्तीर्ण असले तरी अर्ज करता येत होता. कला शाखेत भूगोल घेतलेली मुलगी पात्र असूनही केवळ ‘सायन्स नाही’ म्हणून अर्ज करत नसेल, तर तिला कोणीतरी जाहिरातीतली ती ओळ वाचून दाखवायला हवी. वनरक्षकाचे प्रशिक्षण निवड झाल्यानंतर, सेवेत असतानाच होते.

गैरसमज २ : ट्रेनी म्हणजे फुकट राबणे.

वस्तुस्थिती : राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून ठरलेले विद्यावेतन असे : बारावी उत्तीर्णांना महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधर व पदव्युत्तरांना १०,०००. वयाची अट १८ ते ३५ वर्षे, नोंदणी महास्वयम् पोर्टलवर आणि रक्कम थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. शासकीय कार्यालये या योजनेच्या कक्षेत येतात, त्यामुळे वन कार्यालयात मागणी निघाली आहे का, हे विचारायला हरकत नाही. शिक्षण चालू असलेल्या विद्यार्थ्यांना मात्र ही योजना लागू नाही. खाते आधारशी जोडलेले नसेल तर काम करूनही पैसे अडकतात, म्हणून बँकेतले ते काम आधी उरकावे.

अर्थात, ‘प्रशिक्षण’ नाव असलेली प्रत्येक गोष्ट पगारी नसते. अनेक संस्थांचे अभ्यासक्रम शुल्क घेऊन चालतात, काही इंटर्नशिपमध्ये फक्त राहण्या-जेवणाची सोय असते आणि गणनेसारखी कामे स्वयंसेवेवर होतात. विद्यावेतन, मानधन आणि वेतन हे तीन शब्द जाहिरातीत कुठे आले आहेत, हे बोट ठेवून वाचावे. नागझिरा अभयारण्याच्या चोरखमारा किंवा पिटेझरी गेटवरचा गाईड फेरीमागे मानधन घेतो. त्याला मासिक पगार नसतो आणि पावसाळ्यात पर्यटन थांबले की ती कमाईही थांबते.

गैरसमज ३ : प्रशिक्षण संपले की कायम करतात.

वस्तुस्थिती : करत नाहीत. युवा कार्य प्रशिक्षण सुरुवातीला सहा महिन्यांचे होते. २०२५ मध्ये ते आणखी पाच महिन्यांनी वाढले. शेवटी मिळते ते प्रमाणपत्र. कायम नोकरीचा हक्क त्यातून तयार होत नाही. व्याघ्र प्रकल्पांच्या प्रतिष्ठानांकडून निघणाऱ्या जीवशास्त्रज्ञ किंवा निसर्गशिक्षक अशा जागाही कराराच्याच असतात. हे आधीच ठाऊक असेल तर ते महिने वाया जात नाहीत. त्या काळात जीपीएस, नकाशावाचन आणि संगणकावर नोंदी भरणे हाताखालून गेले, तर पुढच्या अर्जात लिहायला ठोस काही मिळते.

गैरसमज ४ : आदिवासी भाग आहे, म्हणजे पेसाच्या जागा आपल्याच.

वस्तुस्थिती : इथे अनेकांची गल्लत होते. गोंदिया जिल्ह्यात देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, सालेकसा आणि देवरी तालुक्यांत गोंड वस्ती मोठी आहे, पण पेसा हा पंचायतींचा कायदा ज्या क्षेत्राला लागू होतो, त्या राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रात गोंदिया जिल्हा येत नाही. शेजारच्या गडचिरोलीत पेसा क्षेत्रासाठी वनरक्षकासारख्या पदांवर स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना जी खास तरतूद आहे, ती गोंदियात लागू नाही. अनुसूचित जमातीचे नेहमीचे आरक्षण, वयातली आणि उंचीतली सवलत मात्र इथेही मिळते. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते जाहिरात निघाल्यावर आठ दिवसांत हातात पडत नाही. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला आणि महसुली नोंदी शोधण्यातच महिने जातात. ही फाईल आजच सुरू करावी.

गैरसमज ५ : काम म्हणजे जंगलात फिरणे आणि वाघ बघणे.

वस्तुस्थिती : नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी रेडिओ कॉलर लावून इथे सोडण्यात आल्या. सोडण्याचा सोहळा बातमीत आला. त्यानंतर त्या कुठे जातात, काय मारतात, गावाकडे सरकतात का, याचा मागोवा घेणाऱ्या पथकांची पायपीट कोणी पाहिली नाही. प्रशिक्षणार्थ्याच्या वाट्याला येते ते हेच काम.

कॅमेरा ट्रॅपचे उदाहरण घ्यावे. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा लावतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. ओळख पटवायची तर दोन्ही बाजू लागतात. उंची साधारण गुडघ्याएवढी. समोरचे गवत कापायचे, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच शेकडो फोटो निघतात. तारीख-वेळ चुकीची बसली तर ती नोंद कुचकामी ठरते. मग कार्ड काढायचे, फोटो वेगळे करायचे आणि तक्ते भरायचे. वनरक्षक भरतीत पुरुषांना २५ आणि महिलांना १६ किलोमीटर अंतर चार तासांत चालून दाखवावे लागते, ते उगाच नाही. आणि चालून आल्यावर टेबलाशी बसून नोंदी भरण्याचा कंटाळा असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये.

गैरसमज ६ : गावाकडच्या ज्ञानाला अर्जात किंमत नाही.

वस्तुस्थिती : मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते. तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आपण जंगल शिकलो, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. चितमपल्लींना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. माणसाला जंगल कळते की नाही, हे जाणकाराला दोन प्रश्नांत समजते. अडचण असते ती कागदावर मांडण्याची. ‘मला निसर्गाची लहानपणापासून आवड आहे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक अर्जात असते आणि त्यातून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही.

त्याऐवजी असे लिहावे : ‘आमच्या गावाजवळच्या बोडीवर आणि धानाच्या बांध्यांत मी दोन हंगाम पाणपक्ष्यांच्या नोंदी ठेवल्या. तारीख, वेळ, जागा आणि संख्या वहीत आहे. तेंदू आणि मोहाच्या हंगामात घरच्यांबरोबर जंगलात जातो, त्यामुळे वाटा आणि पाणवठे ठाऊक आहेत. गोंडी, छत्तीसगडी आणि मराठी बोलतो.’ यातला एकेक शब्द खरा असला पाहिजे, कारण मुलाखतीत वही मागू शकतात. तीन भाषा येणे हे या सीमाभागात मोठे कौशल्य आहे. वाघाने बैल मारल्यावर घरमालकाशी त्याच्या भाषेत बोलता येणारा माणूस कोणत्याही प्रकल्पाला हवाच असतो. अशी वही नसेल तर सुरुवात करायला गोंदियासारखा जिल्हा नाही. राज्यातले बहुतेक सारस पक्षी इथेच उरले आहेत. ‘सेवा’ ही संस्था आणि वन विभाग उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांची गणना करतात आणि त्यात स्थानिक तरुण-शेतकरी सहभागी होतात. त्या गणनेचा अनुभव पगारी नसला तरी अर्जात वजनदार ठरतो.

गैरसमज ७ : वशिला आणि पैसे लागतातच.

वस्तुस्थिती : २०२३ च्या वनरक्षक भरतीत लेखी परीक्षा संगणकावर झाली, तिला १२० गुण होते आणि धावण्याला ८०. हे गुण कोणाच्या ओळखीने वाढत नाहीत. अर्जाचे शुल्क जाहिरातीत छापलेले असते आणि ते ऑनलाइन भरायचे असते. विद्यावेतन देणारी संस्था उमेदवाराकडून ‘डिपॉझिट’ मागत असेल, तर तिथेच थांबावे. फोनवर ‘जागा राखून ठेवतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

कचारगड व्याघ्र प्रकल्पात येत नाही, पण त्याच्या भोवतालच्या जंगलालाही राखणारी माणसे लागतातच आणि ती याच गावांतून यावीत. त्यासाठी या आठवड्यात चार कामे करावीत : महास्वयम् पोर्टलवर नोंदणी, बँक खात्याला आधार जोडणी, जात वैधतेसाठी जुन्या कागदांचा शोध आणि दोनशे पानी वहीत पहिली नोंद.