शालेय मुलांमधील रक्तक्षय : पोट भरूनही लोह अपुरे

वर्गात पेंगणारे, खेळताना लवकर दमणारे मूल आळशी आहे, असा समज अनेकदा करून घेतला जातो. त्यामागे रक्तक्षयही असू शकतो. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात देशातील ५ ते ९ वर्षे वयोगटातील २४ टक्के, तर १० ते १९ वर्षे वयोगटातील २८ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला.

लोह कमी पडल्यास रक्तातील हिमोग्लोबिन घटते व शरीराला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. परिणामी थकवा येतो आणि अभ्यासातील एकाग्रता कमी होते.

अपुरे जेवण हे याचे एकमेव कारण नाही. धान्ये व डाळींमध्ये लोह असते. मात्र त्यांतील फायटेट या घटकामुळे ते शरीरात कमी शोषले जाते. जेवणाबरोबर घेतलेला चहाही त्यात अडथळा आणतो. याउलट लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्वामुळे लोहाचे शोषण वाढते. कडधान्यांना मोड आणल्यास फायटेट घटते. त्यामुळे वरणभातावर लिंबू पिळणे किंवा डब्यात मोडाची उसळ देणे, हे कमी खर्चाचे उपाय उपयुक्त ठरतात.

पोटातील जंतांमुळेही रक्तक्षय वाढतो. त्यासाठी शाळा व अंगणवाड्यांमधून जंतनाशक गोळी दिली जाते. सरकारी शाळांत दर आठवड्याला लोह व फॉलिक आम्लाची गोळी देण्याचीही तरतूद आहे. पालकांनी ती चुकवू देऊ नये. मुलाचा थकवा कायम राहिल्यास हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी.