विश्लेषण : वळिवड्याच्या पोलिश कबरी ‘हेरिटेज वॉक’मध्ये याव्यात का?

गडमुडशिंगीतून गांधीनगरच्या बाजारात कापड खरेदीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की याच परिसरात कधीकाळी पोलंडचे एक अख्खे गाव वसले होते? त्या गावातले जे परत गेले नाहीत, ते कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहेत. जगभर ऐतिहासिक दफनभूमींमध्ये मार्गदर्शकासह पदफेऱ्या निघतात. कोल्हापुरात तशी फेरी काढायची तर ती काय सांगेल?

पोलिश लोक इथे कसे आले?

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, 1939 मध्ये, जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला. 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधील लाखो लोक सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार झाले. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यानंतर या कैद्यांची सुटका झाली. त्यातले अनेक जण 1942 मध्ये इराणला पोहोचले आणि तिथून काही भारतात आले. तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे 1943 पासून 1948 पर्यंत त्यांची छावणी होती. सुमारे पाच हजार लोक तिथे राहत. त्यात बहुसंख्य महिला आणि मुलेच होती, कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेले होते.

जामनगरची छावणी वेगळी का?

अनेकदा दोन्हींची गल्लत होते. जामनगरजवळच्या बालाचडीत जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना आसरा दिला. ती मुख्यतः मुलांची छावणी होती. वळिवडे तिच्याहून खूप मोठे. इथे कुटुंबे नांदत होती. शाळा, चर्च, दवाखाना, दुकाने होती, नाटकेही होत. बालाचडी बंद झाल्यावर तिथली काही मुलेही वळिवड्यात आली.

मग छावणी गेली कुठे?

युद्धानंतर यातले बरेच जण मायदेशी न जाता ब्रिटन आणि इतर देशांत गेले. एक तरुणी मात्र लग्न करून कोल्हापूरचीच झाली. रिकाम्या झालेल्या छावणीत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव आले आणि गांधीनगर उभे राहिले. एका निर्वासितांचे घर दुसऱ्या निर्वासितांना मिळाले. आज तिथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. छावणीच्या खुणा बाजाराच्या गजबजाटात विरून गेल्या, म्हणूनच कबरींचे मोल वाढते.

कबर वाचायची कशी?

पोलिश थडग्यांवर नावाआधी बहुधा दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ ‘पवित्र स्मृतीतील’, म्हणजे आपल्याकडचे ‘कै.’च. अनेक आडनावांचा शेवट पुरुषासाठी ‘स्की’, तर स्त्रीसाठी ‘स्का’ असा होतो. त्यामुळे भाषा न येताही कबर कोणाची याचा अंदाज बांधता येतो. जन्म आणि मृत्यूची वर्षे वजा केली की वय कळते. सैबेरियातील उपासमार आणि आजारपण सोसून इथवर आलेल्या माणसांबाबत ते गणित जिव्हारी लागते.

दफनभूमीत पर्यटन योग्य आहे का?

आक्षेप रास्त आहे. ही कोणाच्या तरी आजी-आजोबांची जागा आहे. पण लंडनच्या हायगेट दफनभूमीत अशा फेऱ्या नियमित होतात आणि तिकिटाचे पैसे देखभालीला वापरले जातात. कोलकात्यात 1767 मध्ये सुरू झालेली साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमीही लोक आवर्जून पाहतात. माणसांची वर्दळ असली की झाडोरा वाढत नाही, दगड चोरीला जात नाहीत. प्रश्न जायचे की नाही हा नसून कसे जायचे हा आहे.

काय पाळावे?

• दफनभूमीच्या व्यवस्थापनाची आधी परवानगी घ्यावी.
• गट लहान असावा. अंत्यविधी सुरू असेल तर फेरी पुढे ढकलावी.
• कबरीवर बसू नये, पाय देऊ नये, सेल्फी काढू नये.
• अक्षरे दिसावीत म्हणून खडू, तारेचा ब्रश किंवा ॲसिड वापरू नये. दगड कायमचा खराब होतो.

फेरीत आणखी काय पाहावे?

सुरुवात वळिवडे रेल्वे स्थानकापासून करून गांधीनगरमार्गे कोल्हापुरात यावे. महावीर उद्यानातील पोलिश स्मारक पाहून दफनभूमीत फेरी संपवावी. पोलंडमध्ये 1 नोव्हेंबरला लोक कबरींवर दिवे लावतात. फेरीसाठी याहून चांगला दिवस कोणता?

आत्ताच का?

वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ऑगस्ट 2024 मध्ये तिथे अभिवादन केले. छावणीत बालपण घालवलेली मुले आज ऐंशी-नव्वदीत आहेत. त्यांची नातवंडे उद्या पूर्वजांचा शोध घेत इथे येतील, तेव्हा त्यांना कबरीपर्यंत नेणारे आणि तिची गोष्ट सांगणारे कोणी तरी गावात असायला हवे. ते काम गडमुडशिंगी, वळिवडे, गांधीनगरच्या शाळकरी मुलांइतके चांगले कोण करील?