हवेचा किल्ला उभारताना

गावची जत्रा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की सोसायटीतला वाढदिवस, हवेवर फुगणारा उड्यांचा किल्ला हल्ली सगळीकडे दिसतो. मुलं त्याला ‘जंपिंग’ म्हणतात. मऊ दिसतो म्हणून मोठी माणसं निर्धास्त असतात. पण आतल्या उड्यांपेक्षा मोठा धोका बाहेरच्या वाऱ्याचा असतो. आपण तो चालवत असाल किंवा भाड्याने आणत असाल, पुढचे टप्पे क्रमाने पाहून घ्या.

आधी रचना. हा किल्ला पूर्ण हवाबंद नसतो. जाड, प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाच्या शिवणींतून हवा सतत बाहेर पडते आणि ब्लोअर, म्हणजे हवा भरणारा विजेचा पंखा, ती सतत भरत राहतो. पंखा बंद पडला की भिंती आत झुकू लागतात. आकार प्रचंड आणि वजन त्या मानाने कमी, त्यामुळे वारा त्याला शिडासारखा धरतो.

पहिला टप्पा जागेचा. जमीन सपाट हवी. खडे, काचा, खिळे वेचून काढा. वर विजेची तार किंवा झाडाची फांदी नको. दाराच्या बाजूला मोकळी जागा सोडून तिथे गादी अंथरा, कारण मुलं उतरताना धडपडतात. गच्चीवर किल्ला उभारू नका.

दुसरा टप्पा बांधणीचा. सर्वाधिक चुका इथेच होतात. किल्ल्याला खालून कड्या असतात. त्या सगळ्या बांधायच्या, चार कोपऱ्यांवर भागवायचं नाही. युरोपीय मानकानुसार किमान ६ ठिकाणी बांधणी लागते. खुंटी लोखंडी, निदान ३८ सेंटिमीटर लांब आणि १६ मिलिमीटर जाड हवी. तिचं डोकं किल्ल्यापासून बाहेरच्या बाजूला झुकेल अशी तिरकी ठोका आणि हाताने हलवून पाहा. माती भुसभुशीत असेल तर खुंटी धरत नाही, जागा बदला.

फरशीवर किंवा पेव्हर ब्लॉकवर खुंटी बसत नाही. तिथे प्रत्येक कडीला साधारण १६३ किलो वजन लागतं. वाळूच्या ५० किलोच्या तीन गोण्याही कमी पडतात, हे लक्षात घ्या. दोर मोटरसायकलला, खुर्चीला किंवा चार विटांना बांधला तर त्याला बांधणी म्हणता येत नाही.

तिसरा टप्पा विजेचा. ब्लोअर किल्ल्यापासून निदान १.२ मीटर दूर आणि मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवा. त्याची जाळी शाबूत हवी. प्लग तीन पिनांचा, अर्थिंगसह हवा आणि जोडणीत आरसीसीबी हवा, म्हणजे विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं उपकरण. टेपने जोडलेली वायर वापरू नका. मोबाइल चार्ज करायला कुणीतरी ब्लोअरचाच प्लग काढतं, असंही घडतं. म्हणून त्या बोर्डाजवळ माणूस ठेवा. जनरेटरवर चालवत असाल तर सगळी मुलं उतरवून, जनरेटर बंद करूनच इंधन भरा.

चौथा टप्पा मुलांचा. एका वेळी एकाच चणीची मुलं सोडा. बारा वर्षांचा मुलगा तीन वर्षांच्या मुलावर पडला तर हाड मोडतं. एका वेळी किती मुलं, हे किल्ल्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ती फाटली असेल तर मालकाला विचारा. बूट, चष्मा, बांगड्या, कानातले, खिशातलं पेन, तोंडातली गोळी सगळं बाहेर. कोलांट्या आणि भिंतीवर चढणं बंद. उन्हाळ्यात कापड चटका देण्याइतकं तापतं, आधी हात लावून पाहा. देखरेखीच्या माणसाकडे तिकिटं फाडण्याचं काम देऊ नका. त्याची नजर सतत आत हवी.

पाचवा टप्पा वाऱ्याचा. ताशी ३८ किलोमीटर ही वरची मर्यादा आहे आणि तीत झोतही धरायचे. उत्पादकाने याहून कमी सांगितली असेल तर ती पाळा. वाऱ्याचा वेग वायुवेगमापक यंत्राने मोजा. यंत्र नसेल तर खूण अशी : पानांनी भरलेली लहान झाडं डुलू लागली की आपण मर्यादेजवळ आहोत.

२०१६च्या मार्चमध्ये इंग्लंडमधल्या हार्लो इथे वाऱ्याने किल्ला उपटून नेला आणि आतली सात वर्षांची मुलगी दगावली. तो चालवणाऱ्या दोघांना २०१८ मध्ये तुरुंगवास झाला. १६ डिसेंबर २०२१ रोजी टास्मानियातल्या डेव्हनपोर्टमध्ये शाळेच्या मैदानावर वावटळ आली आणि सहा मुलांचा जीव गेला. आपल्याकडे चैत्र-वैशाखातल्या जत्रा नेमक्या वावटळींच्या आणि वळवाच्या दिवसांत येतात. दुपारी ढग दाटले, धूळ गोल फिरू लागली की वाट पाहू नका.

थांबवण्याचाही क्रम आहे. शिट्टी वाजवा, नवीन प्रवेश थांबवा, दाराजवळच्या मुलांपासून सगळी उतरवा, आत फिरून खात्री करा, मगच ब्लोअर बंद करा. हवा पूर्ण जाईपर्यंत खुंट्या काढू नका. वीजच गेली तर मोठ्यांनी दाराचा भाग उचलून धरावा आणि मुलांना लगेच बाहेर घ्यावं.

शेवटचं काम खेळ सुरू होण्याआधीच करा. खेळ थांबवण्याचा अधिकार कुणा एकाला द्या आणि तसं सगळ्या पालकांना सांगा. ‘भाडं दिलंय, अजून अर्धा तास आहे’ असं कुणी म्हटलं तरी अधिकार दिलेल्या माणसाचाच शब्द अखेरचा असावा. राहिलेल्या वेळेचे पैसे परत मिळणार का, हे मालकाशी आगाऊ ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कुणाचाही पाय अडखळणार नाही.